संगणकाची निगा आणि भरवशाचा तंत्रज्ञ

यवतमाळहून नागपूरच्या दिशेने निघाले की वीस-पंचवीस किलोमीटरवर कळंब लागते. चिंतामणी गणेशाच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले हे तालुक्याचे गाव. माझे मामा याच गावात राहतात. शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी संगणक घेतला. पत्रव्यवहार, बँकेचे काम, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि मामींचे फोटो असे सारे काही त्यात साठत गेले. मामी गेल्यानंतर तर तो संगणक त्यांच्यासाठी निव्वळ यंत्र राहिला नव्हता.

एका उन्हाळ्यात त्या संगणकावर बँकेचे संकेतस्थळ उघडेनासे झाले. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख भलत्याच वर्षाची दिसू लागली. मामांनी गावातल्या एका दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले. ‘विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारावा लागेल,’ असे सांगून त्याने तासाभरात काम उरकले आणि पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तर तारीख पुन्हा चुकलेली! दोष विंडोजमध्ये नव्हताच. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपला होता. विजेचा पुरवठा बंद असताना संगणकाचे घड्याळ चालू ठेवण्याचे काम हा सेल करतो. तारीख चुकली की ब्राउझरला सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे मुदतबाह्य किंवा अवैध वाटू लागतात आणि बँकेचे पान उघडत नाही. काही दहा रुपयांच्या सेलचे हे काम होते. त्यासाठी मामींचे फोटो मात्र गेले.

‘अरे, तो तर म्हणाला होता, डी ड्राइव्हला हात लावत नाही,’ मामा मला फोनवर सांगत होते. त्याने खरोखरच हात लावला नव्हता. पण मामांनी सारे फोटो ‘डेस्कटॉप’ आणि ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवले होते. ही दोन्ही ठिकाणे सामान्यतः सी ड्राइव्हवर असतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. दुरुस्ती करणाऱ्यानेही विचारले नाही. काही फोटो नातेवाइकांच्या मोबाइलमधून परत जमवता आले. उरलेले गेले ते गेलेच.

पुण्या-मुंबईत आणि नागपुरात राहणाऱ्या कितीतरी वाचकांचे आईवडील कळंबसारख्या गावांत असतात. त्यांच्या संगणकाची काळजी मुले दूरध्वनीवरून वाहत असतात. शहरातल्या आपल्या घरचा अनुभवही फार वेगळा नसतो. यंत्र पुन्हा विकत मिळते, त्यातली माहिती मिळत नाही. घरच्या संगणकाची निगा राखताना आणि दुरुस्तीसाठी माणूस निवडताना हे एक सूत्र मनात पक्के असले, की पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप सुचतात.

उन्हाळा, धूळ आणि कूलर

संगणकाचा पहिला शत्रू उष्णता. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा ओढून घेत असतो. खोली तापलेली असली तर तो थंड हवा आणणार कुठून? त्यात पंख्याच्या आणि उष्णताशोषक पट्ट्यांच्या फटींत धूळ साचली की हवा खेळेनाशी होते. प्रोसेसरचे तापमान शंभर अंशांच्या आसपास पोहोचले की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो. तरीही उष्णता वाढली तर संगणक अचानक बंद पडतो. उन्हाळ्यात दुपारी बंद पडणारा आणि सकाळी सुरळीत चालणारा संगणक बहुधा ‘व्हायरस’ने नव्हे, तर धुळीने आजारी असतो.

धूळ काढणे अवघड नाही. दर तीन-चार महिन्यांनी संगणक बंद करावा, वीजपुरवठ्याची तार काढून घ्यावी, कॅबिनेट अंगणात किंवा गच्चीवर न्यावे आणि ब्लोअरने किंवा मऊ कुंचल्याने धूळ उडवावी. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने पंखा वेड्यासारखा फिरला तर त्याची बेअरिंग खराब होऊ शकते. ओले फडके आत मुळीच लावू नये. घर झाडायचा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते आणि ती नाजूक भागांना मारक ठरते.

विदर्भातल्या घरांत उन्हाळ्यात कूलर हवाच. मात्र संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. ती हवा थंड असली तरी ओलसर असते, आणि ओलावा व धूळ एकत्र आली की आत चिखलासारखा थर बसतो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरण्याची सवयही मोडावी, कारण त्याच्या तळाशी असलेली हवेची वाट त्यामुळे बंद होते.

विजेची दुखणी

दुसरा शत्रू वीज. दाब वारंवार कमी-जास्त होणाऱ्या ठिकाणी डेस्कटॉप संगणकाला यूपीएस असणे आवश्यक आहे. सामान्य घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटपर्यंतचाच भार पेलतो. त्याचा उपयोग काम चालू ठेवण्यासाठी नसून संगणक व्यवस्थित बंद करण्यासाठी असतो. लेझर प्रिंटर त्यावर जोडू नये. सुरुवातीलाच तो एवढी वीज ओढतो की यूपीएस कोलमडतो. यूपीएसची बॅटरी साधारणतः दोन-तीन वर्षांत थकते. वीज गेल्यावर संगणकही लगेच बंद पडू लागला तर यूपीएस बदलण्याआधी बॅटरी तपासावी. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यामागे ‘यूपीएस मोड’चे बटण आहे का ते पाहावे. ते चालू असले की वीज गेल्यावर इन्व्हर्टर अधिक जलद बदल करतो आणि संगणक सहसा बंद पडत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर घराचे अर्थिंग नीट नाही असे समजावे. ही खूण केवळ संगणकाच्या नव्हे, तर माणसाच्याही जिवाशी निगडित आहे. यासाठी संगणक तंत्रज्ञ नव्हे, तर परवानाधारक वीजतंत्री बोलवावा. मृगाच्या आधीच्या वादळांत आणि परतीच्या पावसात आभाळात गडगडू लागले की संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची तार, दोन्ही काढून ठेवावे. बटण बंद करणे पुरेसे नाही. तारेतून येणारा झटका बटणाची पर्वा करत नाही.

तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी

संगणकाची अनेक दुखणी घरच्या घरी ओळखता येतात. निदान आपण केले की दुरुस्ती दुसऱ्याने केली तरी फसगत टळते. वारंवार दिसणारी काही लक्षणे अशी आहेत.

तारीख-वेळ वारंवार चुकत असेल तर सेल संपला आहे. हा सीआर२०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

संगणक सुरू होताना बीप-बीप आवाज येत असेल आणि पडदा काळाच राहत असेल, तर अनेकदा रॅम आपल्या खाचेत नीट बसलेली नसते. वीजपुरवठा तोडून ती काढावी, तिच्या सोनेरी कडा पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसाव्यात आणि ती पुन्हा घट्ट बसवावी.

संगणक फार मंद झाला असेल तर आधी सी ड्राइव्हवर किती जागा शिल्लक आहे ते पाहावे. मग संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामची यादी तपासून नको असलेले बंद करावेत. जुन्या संगणकात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर तिच्याजागी एसएसडी बसवण्याने जेवढा फरक पडतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याही एका बदलाने सहसा पडत नाही.

हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येऊ लागला तर मात्र कोणताही प्रयोग करू नये. संगणक ताबडतोब बंद करावा. ‘पुन्हा एकदा सुरू करून पाहू’ हा मोह अशा वेळी महाग पडतो, कारण प्रत्येक प्रयत्नात तबकडीवरील माहितीची अधिक हानी होऊ शकते.

आधी प्रत, मग दुरुस्ती

दुरुस्ती लहान असो वा मोठी, महत्त्वाच्या माहितीची प्रत काढल्याशिवाय संगणक कोणाच्याही हाती देऊ नये. जाणकार मंडळी याबाबतीत तीन-दोन-एक असा नियम सांगतात. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. मामांसारख्या वापरणाऱ्यासाठी याचा सोपा अर्थ असा की एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठ्यात किंवा मुलीच्या घरी. बाहेरची हार्ड डिस्क सतत जोडून ठेवू नये, काम झाले की काढून कपाटात ठेवावी. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने संगणकातील फाइलींबरोबरच जोडलेल्या ड्राइव्हवरील फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या. त्याने ज्या फटीतून प्रवेश केला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले.

म्हणूनच ‘अपडेट बंद करून देतो, संगणक फास्ट होईल,’ असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. विंडोज १० या प्रणालीची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्या तारखेनंतर संगणक बंद पडला नाही, पण नव्या फटी बुजवण्याची नेहमीची सोय थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे अनेक जुने संगणक अपात्र ठरतात. अशा वेळी ‘भंगारात काढा’ हा एकच सल्ला नसतो. पत्रलेखन, बँक आणि इंटरनेट एवढेच काम असेल तर लिनक्स ही मोफत प्रणाली जुन्या यंत्राला आणखी काही वर्षे सुरक्षितपणे चालवू शकते.

तंत्रज्ञाची पारख

एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने राज्यात गावोगावी लोकांना संगणक वापरायला शिकवले. तो चालवणाऱ्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ सालची. पण वापरणे वेगळे आणि दुरुस्त करणे वेगळे. दुरुस्तीचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीच्या अभ्यासक्रमात मिळते. बरेच जण मात्र दुकानात हाताखाली काम करून शिकतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली आणि १९९० च्या दशकात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय थाटला. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव दिसू लागला, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी विषाणू काढणारा प्रोग्राम लिहिला. त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. या कहाणीतला घेण्यासारखा भाग शेअर बाजाराचा नाही. यंत्र पुन्हा पुन्हा का बिघडते, याचा शोध घेण्याची वृत्ती हा खरा भाग आहे. चांगला तंत्रज्ञ बिघाड झाकत नाही, त्याचे कारण शोधतो.

अशा माणसाच्या काही खुणा आहेत. तो हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारतो. बिघाड कधीपासून आहे, त्याआधी काय बदलले, जपून ठेवण्यासारखे काय आहे, हे जाणून घेतो. कारण सांगतो आणि ते आपल्याला कळेल अशा भाषेत सांगतो. खर्चाचा अंदाज आधी देतो. सुटा भाग बदलला तर जुना भाग न मागता परत करतो. नव्या भागाची हमी पावतीवर लिहून देतो. आणि एखादे काम येत नसेल तर ‘हे माझ्याकडून होणार नाही, यवतमाळला किंवा नागपूरला दाखवा,’ असे मोकळेपणाने सांगतो. हे शेवटचे लक्षण सर्वांत मोलाचे.

याउलट, प्रत्येक दुखण्यावर ‘फॉरमॅट’ हेच औषध देणारा, पावती देण्यास टाळाटाळ करणारा, आणि मोफत म्हणून चोरीचे सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस टाळावा. विंडोज किंवा इतर महागडे प्रोग्राम फुकटात चालू करून देणारी साधने बसवताना अनेकदा विषाणूरोधक प्रोग्राम बंद करावा लागतो. घराला कुलूप नको म्हणणाऱ्या रखवालदारासारखाच हा प्रकार झाला!

संगणक दुकानात ठेवून यायचा असेल तर हार्ड डिस्क, रॅम आणि लॅपटॉपची बॅटरी यांवरील क्रमांकांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि ते क्रमांक दुकानदाराच्या पोचपावतीवर लिहून घ्यावेत. भाग बदलले गेल्याची शंका पुढे आली तर तोच पुरावा. हमीची मुदत चालू असलेला संगणक मात्र आधी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रालाच कळवावा. अशी केंद्रे बहुधा मोठ्या शहरांत असतात, परंतु काही कंपन्या घरी येऊन दुरुस्ती करण्याची सोयही देतात. खरेदीच्या वेळीच हे विचारून घेतलेले बरे. केंद्राचा क्रमांक मात्र कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा खरेदीच्या कागदपत्रांतूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला पहिला क्रमांक फसवणूक करणाऱ्यांचाही असू शकतो.

खासगी गोष्टींची राखण

दुरुस्तीला दिलेल्या संगणकाबरोबर आपण आपले कपाटच परक्याच्या हाती देत असतो. २००८ साली हाँगकाँगमध्ये एका प्रसिद्ध अभिनेत्याने दुरुस्तीला दिलेल्या संगणकातील खासगी छायाचित्रे बाहेर फुटली आणि अनेकांची आयुष्ये ढवळून निघाली. ती नकलून घेणाऱ्या तंत्रज्ञाला पुढच्या वर्षी तुरुंगवास झाला. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, किरकोळ बिघाड केलेले लॅपटॉप सोळा दुकानांत दुरुस्तीला दिले होते. त्यांतील सहा ठिकाणी ग्राहकाची खासगी माहिती उघडून पाहिली गेली आणि दोन ठिकाणी ती नकलूनही घेण्यात आली.

म्हणून शक्यतो दुरुस्ती आपल्यासमोर करून घ्यावी. बॅटरी किंवा पंखा बदलायला पासवर्ड लागत नाही, तेव्हा तो मागितला तर कारण विचारावे. पासवर्ड द्यावाच लागला तर दुरुस्तीनंतर लगेच बदलावा. ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे पासवर्ड आधीच काढून टाकावेत. संगणक विकताना किंवा भंगारात देताना नुसता फॉरमॅट पुरेसा नाही. साध्या, जलद फॉरमॅटनंतरही माहिती परत मिळवता येऊ शकते, त्यामुळे पूर्ण पुसणारी सोय वापरावी किंवा डिस्क स्वतःजवळ ठेवावी.

दूरध्वनीवरचे ‘तंत्रज्ञ’

संगणक वापरता वापरता पडदा एकाएकी लाल होतो, कर्कश आवाज येतो आणि ‘आपल्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर फोन करा,’ असा इशारा झळकतो. हा इशारा खोटा असतो. कोणतीही मोठी कंपनी असा क्रमांक दाखवत नाही किंवा आपणहून फोन करत नाही. फोन केला की पलीकडचा माणूस दूरस्थ नियंत्रणाचा प्रोग्राम बसवायला सांगतो आणि संगणकाबरोबर बँक खातेही ताब्यात घेतो. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभर छापे घातले, ते अशाच बनावट तांत्रिक मदतीच्या टोळ्यांविरुद्ध. असा इशारा दिसला तर ब्राउझर बंद करावा, बंद होत नसेल तर संगणकच बंद करावा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

तक्रार कोठे करावी?

पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही कायद्याच्या भाषेत ‘सेवा’ आहे आणि तीत त्रुटी असेल तर दाद मागता येते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. म्हणजे दुकान नागपूरचे असले तरी कळंबच्या ग्राहकाला यवतमाळला तक्रार करता येते. वकील असलाच पाहिजे असे नाही. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही गाऱ्हाणे मांडता येते. या सगळ्यासाठी हातात पावती हवी. ‘ओळखीचाच आहे’ म्हणून पावती न घेणारा ग्राहक आपला हक्क स्वतःच सोडून देत असतो. माहिती परवानगीशिवाय नकलून घेणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली गुन्हा ठरू शकतो, हेही लक्षात ठेवावे.

अर्थात, आयोगाने भरपाई दिली तरी मामींचे फोटो परत येणार नव्हते. मामांनी तक्रार केली नाही. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेतली. दर महिन्याच्या संकष्टीला तिच्यावर प्रत काढायची, असे ठरवले. चिंतामणीच्या गावात तिथी विसरण्याची भीती नाही. दुसरी म्हणजे त्यांनी नवा तंत्रज्ञ शोधला. जाहिरात पाहून नव्हे, तर ओळखीच्या चार घरी चौकशी करून. ‘त्याने काय दुरुस्त केले?’ हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. ‘त्याने कधी नाही म्हटले का?’ हा विचारला.

गेल्या उन्हाळ्यात संगणक पुन्हा रुसला, तेव्हा तो तरुण घरी आला. खुर्चीवर बसला, पण कळफलकाला हात लावला नाही. ‘काका, याच्यात जपून ठेवण्यासारखं काय काय आहे, ते आधी सांगा,’ असे म्हणाला. मामांनी मला रात्री फोन केला, तो संगणक दुरुस्त झाला हे सांगण्यासाठी नव्हे. हा प्रश्न कोणीतरी विचारला, हे सांगण्यासाठी.